चहा घ्या, घ्या, घ्या

उमरठच्या आमच्या नव्या घरात वहिनी पाहुण्यांना एकदाच म्हणते, "चहा घ्या." पुढचं काम हॉल करतो. "घ्या, घ्या, घ्या..." एवढा आग्रह झाल्यावर नाही म्हणायला माणूस दगडाच्या काळजाचा लागतो. वास्तुशांतीला आलेल्या एका व्याह्यांनी भिडेपोटी तीन कप घेतले, आणि रात्री अकराला ते अंगणात फेऱ्या मारताना दिसले. झोप येत नाही म्हणाले. तेही अंगणात म्हणाले म्हणून आम्हांला नीट कळलं.

हॉल तीस बाय अठरा, उंची अकरा फूट. दोन माणसं आणि एक म्हातारी राहणाऱ्या घरात एवढा हॉल कशाला, असं शहरातला माणूस विचारील. पोलादपूरकडचा विचारणार नाही. आमच्याकडे हॉल राहायला बांधत नाहीत, गणपतीला बांधतात. गणपतीत आणि शिमग्यात मुंबईकर उतरले की पन्नास माणसं एका वेळी बसली पाहिजेत, हा आमच्या वास्तुशास्त्राचा पहिला नियम. उरलेले साडेअकरा महिने त्या हॉलमध्ये एक सोफा, एक टीव्ही आणि आई.

जुनं घर निराळं होतं. हातभर रुंद मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, माळ्यावर पेंढा. कोपऱ्यात भाताची कणगी, दांडीवर गोधड्यांची चळत. वडिलांनी गिरणीच्या बोनसातून आणलेला रेडिओ कणगीच्या झाकणावर बसायचा आणि मुंबई केंद्राची 'कामगार सभा' अशी स्वच्छ यायची की निवेदकाने पान उलटलेलंही कळावं. आई माजघरातून जी शिवी हासडायची ती ओटीवर पोचेपर्यंत मऊ पडायची. त्या घरात आवाज भिंतीवर आपटायचा नाही, भिंतीत जिरायचा. पावसाळ्यात भिंतीही जिरायच्या, म्हणून तर घर पाडलं.

दादा गोदीतून निवृत्त झाला आणि फंडाच्या पैशांत त्याने नवं घर उठवलं. चार बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. पुट्टी मारून काचेसारख्या केलेल्या भिंती. खरोखरच्या काचेच्या, सरकत्या खिडक्या. काचेचं टीपॉय. जिन्याला स्टीलचा कठडा. वर स्लॅब, आणि स्लॅबवर गळती नको म्हणून पत्रा. घर बघायला येणारा जो तो म्हणायचा, "तोंड दिसतंय फरशीत!" तोंड दिसतं तिथे तोंडातून निघालेलंही परत येतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

होम थिएटरची कल्पना दादाची आणि तिच्यामागे गावाचा अभिमान. उमरठ म्हणजे सुभेदार तानाजी मालुसऱ्यांचं गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी ते कोंढाण्यावर पडले, देह गावी आणला, समाधी इथेच आहे. ज्या घाटाने पालखी उतरवली म्हणतात, त्याचं नावच मढे घाट. २०२० सालच्या जानेवारीत 'तान्हाजी' सिनेमा आला तेव्हा सगळ्या देशाने तो मोठ्या पडद्यावर, चहूबाजूंच्या आवाजात बघितला, आणि आमच्या आळीने बघितला पुढे कधीतरी, सहा इंची मोबाइलवर, तोही रेंज येते त्या आंब्याखाली उभं राहून. ही सल दादाच्या मनात होती. "पुढच्या पुण्यतिथीला भावकी जमेल तेव्हा आपल्या हॉलमध्ये दाखवायचा," तो म्हणाला. "पाच पॉइंट एकमध्ये." हॉलने "मध्ये, मध्ये, मध्ये" म्हणून अनुमोदन दिलं.

खरेदीला आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने एका आतल्या खोलीत नेलं. खाली पायाच्या घोट्यापर्यंत गालिचा, भिंतींना फोम, त्यावर कापड, दाराला जाड पडदा. त्याने कुठल्या तरी इंग्रजी सिनेमातला पाऊस लावला. पाऊस डावीकडून आला, डोक्यावरून गेला आणि मागे पागोळ्या गळायला लागल्या. दादाने हात पुढे करून बघितला. त्या खोलीत आम्हां दोघांचा खोकलासुद्धा श्रीमंत वाटत होता.

"किती वॅट?" दादाने विचारलं. आमच्या पिढीला स्पीकरबद्दल एवढाच प्रश्न येतो. नव्वदच्या दशकात खोक्यावर 'पीएमपीओ' नावाचा आकडा असायचा. विटेएवढ्या टेपरेकॉर्डरवर हजार वॅट छापलेले असत, आणि तो चार सेलवर चाले. त्या हिशेबाने आमच्या आळीत कोयनेपेक्षा जास्त वीज तयार होत होती. दुकानदाराने आरएमएस, सेन्सिटिव्हिटी वगैरे सांगितलं. दादाने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे एकूण किती?" शेवटी दोन माणसाएवढे उंच टॉवर, मधला एक, मागचे दोन आणि पिंपाएवढा सबवूफर असा संच ठरला. खोली कशी आहे हे दुकानदाराने विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. मुलगी दाखवताना दोन्हीकडचे लोक बाळगतात तसलं ते मौन होतं.

पुण्यतिथीच्या रात्री भावकीतली आठ-दहा माणसं आली. बाकीची समाधीजवळच्या कार्यक्रमातून हलली नाहीत, आणि तेच शहाणे. सिनेमा सुरू झाला. पहिल्या तलवारीचा खणखणाट निघाला तो समोरच्या भिंतीवर आपटला, मागच्या भिंतीवर आला, तिथून काचेवर, काचेवरून टाइलवर, आणि तोवर दुसरी तलवार निघाली. पाचव्या तलवारीनंतर हॉलमध्ये भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखं झालं. संवाद एकही कळेना. हरहर महादेवची गर्जना एकदा झाली आणि चार वेळा ऐकू आली. सुभेदारांनी कोंढाणा एकदाच घेतला, आमच्याकडे त्या रात्री निदान पाचदा पडला. आईने पदर कानावर ओढला आणि म्हणाली, "काय म्हणतोय त्यो?" हे मात्र सगळ्यांना स्पष्ट कळलं, कारण ती सोफ्यावर माझ्या शेजारीच बसली होती.

दादा हिरमुसला. "विजापूरचा गोल घुमट झालाय," तो म्हणाला. त्याला ते जास्तच लागलं होतं. अफजलखान १६५९ साली प्रतापगडाखाली मेला, तो गड आमच्याच तालुक्याच्या डोक्यावर आहे. एवढं सगळं करून आदिलशाहीचा घुमट शेवटी आपल्याच घरात निघावा?

इथे पुतण्याचा प्रवेश. तो लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीत येतो तो घरातल्यांच्या चुका काढायला. तो म्हणाला, "बाबा, ह्याला प्रतिध्वनी नाही म्हणत. प्रतिध्वनीला भिंत सतरा मीटर तरी लांब लागते. नववीच्या पुस्तकात आहे. हा निनाद."

"मग तुझ्या आईचा चहा?" दादा म्हणाला.

पुतण्याने उत्तरादाखल फुगा आणला. फुगवला, हॉलच्या मध्ये उभं राहून टाचणीने फोडला आणि मोबाइलवर वेळ मोजली. मग कागदावर हिशेब केला. हॉल रिकामा धरला तर आवाज पुरता विरायला साडेचार सेकंद! चांगल्या होम थिएटरला अर्ध्या सेकंदाच्या आत विरला पाहिजे म्हणे. साडेचार सेकंदांत आमच्या आईची दोन वाक्यं होतात, म्हणजे पहिलं वाक्य हवेत असतानाच ती दुसरं सोडते. घरात इतकी वर्षं होत असलेल्या गैरसमजांचं खापर मला निनादावर फोडायला आवडलं असतं, पण ते जुन्या घरातही होत होते.

हिशेबाचं सूत्र वॉलेस सेबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचं. ही गोष्ट पुतण्याने सांगितली आणि मला ती स्पीकरपेक्षा आवडली. १८९५च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाने एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात कुणाचंच बोलणं कुणाला कळेना. थोडक्यात, आमचा हॉल. सेबिनला सांगितलं, बघ काय करता येतं. हा गृहस्थ रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, घड्याळात वेळ मोजायचा, आणि उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्याला पुढे कळलं की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात. बदलत्या कपड्यांनी आकडे बदललेत म्हणून त्याने केलेली मोजणी फेकून दिली आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी तोच एक पोशाख घालून मोजायला लागला. हे ऐकून वहिनी म्हणाली, "बायको नसेल." तिला त्या कपड्यांच्या धुण्याची काळजी.

सेबिनने शोषणाचं माप ठरवलं ते उघड्या खिडकीचं. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक माप. त्या मापाने बसलेला माणूस भरतो साधारण पावणेपाच. माणसाची अशी किंमत कुणी केलेली मी ऐकली नव्हती. पुतण्याने भागाकार केला आणि जाहीर केलं, "अर्धा सेकंद पाहिजे असेल तर हॉलमध्ये एकशे दहा माणसं बसवावी लागतील."

पाचशे चाळीस चौरस फुटांत एकशे दहा. म्हणजे एका माणसाला पाच फूटसुद्धा नाही. आणि हे केवळ सिनेमा नीट ऐकू यावा म्हणून. वहिनीने शांतपणे विचारलं, "आणि त्यांचा चहा?"

मग खिडक्या उघडाव्यात असं ठरलं. चार खिडक्या, पण सरकत्या, म्हणजे निम्म्याच उघडणार. सगळ्या मिळून चाळीस फूट. जेमतेम साडेआठ माणसांचं काम. तेही केलं. आवाज बाहेर गेला तो अख्ख्या वाडीत गेला, आणि मोकळ्या जागेतून डास आत आले. डासाचं शोषणमूल्य नगण्य असावं.

पुतण्याचा पुढचा शोध असा की चूक स्पीकरची नसून अंतराची आहे. प्रत्येक खोलीत एक हद्द असते. तिच्या आत बसलं तर स्पीकर ऐकू येतो, बाहेर बसलं तर खोली. आमच्या हॉलची हद्द त्याने काढली ती जेमतेम सव्वा फूट. "म्हणजे स्पीकरपासून सव्वा फुटावर बसायचं?" दादाने विचारलं. "हिशेबाने तसंच येतं." दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गोदीत असताना माझ्याकडे ट्रान्झिस्टर होता. कानाला लावून ऐकायचो. तीनशे रुपयांचा."

सगळ्यात नामी प्रकार सबवूफरचा. तो कुठे ठेवावा हे शोधायची एक मान्य पद्धत आहे, आणि ती अशी: सबवूफर आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, गाणं लावायचं, आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे ठोका सगळ्यात गोल, भरीव लागेल तिथे सबवूफर ठेवायचा. आवाजाला दोन्ही दिशा सारख्याच, त्यामुळे अदलाबदल चालते. शास्त्र निर्दोष आहे. फक्त ते बासष्ट वर्षांच्या, लुंगी नेसलेल्या माणसाने रात्री नऊ वाजता करायचं असतं.

पिंप सोफ्यावर विराजमान झालं. दादा चवड्यांवर आला, मग गुडघ्यांवर, आणि कान जमिनीकडे करून निघाला. मी मागून, कारण त्याच्या मते माझे कान अजून शाबूत आहेत. पुतण्या पेन्सिलीने टाइलवर खुणा करत होता. आई आतून आली, सोफ्यावरच्या पिंपाकडे बघितलं, आम्हां दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्या वयाला बरं रांगायचं सुचलं." गुडघ्यांनी तिची बाजू घेतली.

खिडक्या उघड्या होत्या हे आम्ही विसरलो होतो. समोरून जाणाऱ्या कुणीतरी बघितलं. रात्रीची वेळ, दोन भाऊ फरशीला कान लावून चाललेत, तिसरा खुणा करतोय. आणि गाव कुठलं तर उमरठ, साडेतीनशे वर्षांचा इतिहास पायाखाली. सकाळी दुधाला आलेल्याने विचारलं, "किती फुटांवर लागलं?" दुपारपर्यंत भावकीतले दोघेजण जमिनीच्या जुन्या वाटणीची आठवण करून द्यायला येऊन गेले. सबवूफर म्हणजे काय हे त्यांना समजावण्यापेक्षा हंडा सापडला म्हणणं सोपं गेलं असतं.

भरीव ठोका सापडला, पण तो नेमका देव्हाऱ्याखाली. आईने विषय एका वाक्यात संपवला. देवाला हादरे नकोत.

खरा सल्ला दिला तो पोलादपूरच्या मंडपवाल्याने. लग्नाच्या मांडवात ज्याचे कर्णे लागतात तो. कुठल्याशा बिलाच्या निमित्ताने आला, हॉलच्या दारात उभा राहिला, एक टाळी वाजवली आणि हसला. डॉक्टर नाडी बघून हसतो तसा. म्हणाला, "दादा, पेटी लाख रुपयांची आणा, ही खोली तिला बोलू द्यायची न्हाय. आधी खोली. आन् पेटी घ्यायचीच तर कर्ण्याच्या तोंडाची घ्या. साधी पेटी चारी अंगाला बोलते. कर्णा जिकडं तोंड तिकडंच बोलतो. भिंतीला कमी जातं, मानसाला जास्ती."

आधी खोली, मग पेटी. उमरठमध्ये या चालीवरचं दुसरं वाक्य प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे दादाला ते लगेच पटलं.

पुतण्याने पडताळून पाहिलं तर मंडपवाला पुरा बरोबर. भोंग्याच्या रचनेचे घरगुती स्पीकर मिळतात, महागातले मिळतात, आणि घुमणाऱ्या मोठ्या खोल्यांत त्यांचा उपयोग होतो. कमी ताकदीत जास्त आवाज हा वर फायदा. खर्जाला मात्र तोही बांध घालू शकत नाही. खर्ज चारी दिशांना पसरतो आणि कोपऱ्यांत साचतो. त्यासाठी कोपऱ्यांत जाड, पोकळ, भुसभुशीत काहीतरी उभं करायचं असतं. बाजारात त्याला 'बेस ट्रॅप' म्हणतात. चित्र बघून आई म्हणाली, "कणगी हाय की ही." होतीच ती. गोल, पुरुषभर उंच, कोपऱ्यात. आमची कणगी घर पाडताना दादाने आंब्याखाली जाळली होती, आणि आता तिची फोमची धाकटी बहीण कुरिअरने मागवायची होती, दोन नग.

बाकी प्रत्येकाने आपापला विचार मांडला. आईला फक्त बोलणं कळायला हवं. ते कळतं मधल्या स्पीकरमधून, म्हणजे तिच्यापुरते बाकीचे चार खांब वायफळ. पुतण्याला छाती धडधडायला हवी. त्याची ती चोवीस तास तशीच धडधडत असते, पण त्याचं कारण निराळं असावं. वहिनीला झाडू मारताना वायरी आडव्या यायला नकोत. दादाला, मला वाटतं, फक्त एक संध्याकाळ हवी होती.

मध्येच एका रविवारी आम्ही रायगडावर गेलो. राजसदर २२० फूट लांब, १२४ फूट रुंद. आज वर छप्परही नाही. दादा नगारखान्याच्या दाराशी उभा राहिला, मी सिंहासनाच्या जागेसमोर. तिथून तो हळू आवाजात काहीतरी बोलला आणि ते मला ऐकू आलं. ओरडावं लागलं नाही, माइक नाही, वॅट नाही. "बांधणाराला कळत होतं," दादा खाली उतरताना म्हणाला. हिरोजी इंदुलकरांनी बांधलेल्या सदरेची आमच्या गवंड्याशी तुलना करणं अन्यायाचं, पण पाचाडपर्यंत तो तेच करत होता. नगारखान्यातून काय बोलला होता ते मी सांगत नाही. कर्ज किती झालं त्याचा आकडा होता.

जूनमध्ये कर्ण्याच्या तोंडाचे दोन स्पीकर आले आणि त्यांच्या मागोमाग पाऊस. आमच्या डोक्यावर महाबळेश्वर आहे, त्यामुळे पाऊस म्हणजे काय हे आम्हांला पुस्तकात वाचावं लागत नाही. स्लॅबवरच्या पत्र्यावर तो कोसळायला लागला की दुकानातला तो इंग्रजी पाऊस मुळूमुळू वाटायला लागतो. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून, सगळीकडून, तेही फुकट. होम थिएटरवर वहिनीने जुनी चादर टाकली. मंडपवाल्याने सांगितलेली जाड पडद्यांची ऑर्डर पोलादपूरच्या शिंप्याकडे अडकली होती, त्याच्याकडे शाळेचे गणवेश होते.

लावणीचे दिवस. बाहेर काही वाळत नाही, म्हणून आईने हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार वलण्या बांधल्या. त्यांवर घोंगड्या, लुगडी, टॉवेल, लावणीच्या बायकांच्या खोळी, जुन्या घरातून वाचलेल्या सहा गोधड्या. चकचकीत हॉलचा धोबीघाट झाला. दादाला ते बघवेना. मी चार दिवसांसाठी गेलो होतो. सोफ्यापर्यंत पोचायला दोन ओल्या घोंगड्या बाजूला साराव्या लागत.

एका संध्याकाळी पाऊस थांबला. एकदम, कुणीतरी नळ बंद करावा तसा. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. दादाने मला बघितलं, मी त्याला. त्याने चादर काढली आणि सिनेमा लावला, आधीच्या वेळी कळायचा राहिलेला, पहिल्यापासून.

तलवार खणखणली आणि थांबली. खरंच थांबली. पुढचं वाक्य आलं, त्यातला शब्द न् शब्द वेगळा. आई दोन लुगड्यांच्या फटीतून पडदा बघत होती. म्हणाली, "आता कळतंय हा काय म्हणतोय." पुतण्या टाळ्या वाजवत वलण्यांखालून फिरत होता. ओल्या घोंगडीचं माप किती हे त्याला कुठेच सापडेना. कोरडीचंही नाही.

अठरा मिनिटं चाललं ते. मग वाडीची वीज गेली. इन्व्हर्टरला होम थिएटर झेपत नाही.

अंधारात कुणी काही बोललं नाही. वहिनी आतून आली असावी, बांगड्या वाजल्या. म्हणाली, "चहा घ्या." एकदाच ऐकू आलं. मी चाचपडत हात पुढे केला आणि सवयीने तीन कप घेतले.